क्लेरिक आणि विझर्ड एकाच कॅरेक्टरमध्ये: प्लेयर्स हँडबुकमधली तीन पानं

डंजन्स अँड ड्रॅगन्स या टेबलाभोवती बसून खेळायच्या रोल-प्लेइंग खेळाच्या पाचव्या आवृत्तीचं नियमांचं पुस्तक, 'प्लेयर्स हँडबुक', 2014 साली आलं. 320 पानांच्या त्या पुस्तकात मी सगळ्यात जास्त उलटलेली पानं म्हणजे 163 ते 165, मल्टिक्लासिंगची, म्हणजे एकाच कॅरेक्टरने एकाहून जास्त क्लास (पेशे) घेण्याची. नियम ऐच्छिक आहे, डीएमने (खेळ चालवणाऱ्याने) होकार दिला तरच लागू. फायटर-रोगबद्दल (योद्धा आणि चोरटा) सगळेच बोलतात. मला बोलायचंय ते दोन स्पेलकास्टर (मंत्र टाकणारे क्लास, जसे पुजारी क्लेरिक आणि जादूगार विझर्ड) एकत्र करण्याबद्दल, कारण खरी गंमत तिथे आहे आणि नवे खेळाडू फसतात तेही तिथेच.

नियमाचा गाभा असा: स्लॉट (पुढच्या विश्रांतीपर्यंत किती स्पेल टाकता येतील तो कोटा) एकत्र मोजायचे, स्पेल (मंत्र) वेगवेगळे. इथे लेव्हल म्हणजे कॅरेक्टरची किंवा क्लासची, पातळी म्हणजे स्पेलची किंवा स्लॉटची. बार्ड, क्लेरिक, ड्रुइड, सॉर्सरर, विझर्ड यांच्या लेव्हल पूर्ण धरायच्या, पॅलाडिन आणि रेंजरच्या निम्म्या, मग बेरीज तक्त्यात बघायची. पण कोणते स्पेल येतील ते त्या त्या क्लासच्या लेव्हलवरच ठरतं. पुस्तकातलं चौथ्या लेव्हलचा रेंजर आणि तिसऱ्या लेव्हलचा विझर्ड हे उदाहरण चांगलं आहे. त्याला तिसऱ्या पातळीचे दोन स्लॉट मिळतात, पण तिसऱ्या पातळीचा एकही स्पेल येत नाही. हे वाक्य पुस्तकाने ठळक छापायला हवं होतं. तक्ता आधी डोळ्यात भरतो आणि पोरं तिसऱ्या पातळीच्या फायरबॉलची स्वप्नं बघायला लागतात.

क्लेरिक 3 आणि विझर्ड 3 अशी समसमान वाटणी मला पटत नाही. सहाव्या लेव्हलला बाकीची मंडळी फायरबॉल आणि स्पिरिट गार्डियन्स वापरत असतात, आणि तुमच्याकडे मोठे स्लॉट असून त्यात घालायला छोटे स्पेल. काही स्पेल मोठ्या स्लॉटमध्ये खुलतात: स्कॉर्चिंग रेला एक किरण जास्त, होल्ड पर्सनला एक माणूस जास्त. पण स्पिरिच्युअल वेपन दर दोन पातळ्यांनी वाढतं, त्यामुळे तिसऱ्या पातळीचा स्लॉट त्यावर टाकला तर अक्षरशः काहीच वाढत नाही. शिवाय क्लास दोन असले तरी कॉन्सन्ट्रेशन एकच, म्हणजे लक्ष लावून टिकवायचा स्पेल एका वेळी एकच. ब्लेस चालू असताना होल्ड पर्सन टाकलं की ब्लेस गेलं.

क्लेरिकची एकच लेव्हल आणि बाकी सगळं विझर्ड, हे मात्र मी कुणालाही बिनधास्त सुचवेन. माझी ड्वार्फ अशीच आहे, लाइफ डोमेनची (क्लेरिकची बरं करण्यावर भर देणारी शाखा). त्या एका लेव्हलने जड चिलखत आलं. चेन मेल आणि ढाल मिळून एसी (आर्मर क्लास, वारापासून बचावाचा आकडा) 18. ड्वार्फ असल्यामुळे चिलखताने तिचा वेगही कमी होत नाही. क्लेरिक 1, विझर्ड 5 झाल्यावर फायरबॉल येतो आणि स्लॉट सहाव्या लेव्हलचे मिळतात, म्हणजे तिसऱ्या पातळीचे तीन. त्यातला एक क्युअर वून्ड्स या बरं करणाऱ्या स्पेलवर खर्च केला की 3डी8 (आठ बाजूंचे तीन फासे), त्यावर विज्डमचे 2 आणि डोमेनचे 5. एका लेव्हलच्या क्लेरिककडून एवढं कुणी अपेक्षित धरत नाही!

मला हे कॅरेक्टर का आवडतं ते एका फेरीत सांगते. आमचा रोग शून्य हिट पॉइंटवर बेशुद्ध पडलेला, त्याचा खेळाडू ओरडतोय, "ताई, आधी मला उठव!" बोनस अॅक्शनमध्ये (टर्नमधल्या छोट्या जादा कृतीत) हीलिंग वर्ड टाकलं. आता त्याच टर्नमध्ये फायरबॉल चालत नाही, 2014 च्या नियमात बोनस अॅक्शनच्या स्पेलनंतर फक्त कॅन्ट्रिपच, म्हणजे स्लॉट न लागणारे साधे स्पेल. पण कॅन्ट्रिप एकूण लेव्हलवर वाढतात, म्हणून फायर बोल्टचे 2डी10 पूर्ण मिळाले. रोग उभा, ओगर आडवा.

एक अडचण मात्र टेबलवर नेहमी निघते. ढालीवर कोरलेलं पवित्र चिन्ह फक्त क्लेरिकच्या स्पेलना चालतं; विझर्डच्या साहित्यासाठी दुसरा हात मोकळा ठेवावा लागतो. गदा हातात धरायचा मोह टाळा.

यापूर्वी 3.5 आवृत्तीत (2003) मिस्टिक थ्युर्ज हा वेगळा प्रेस्टिज क्लास (अटी पूर्ण केल्यावरच घेता येणारा क्लास) होता. दोन्हीकडचे दुसऱ्या पातळीचे स्पेल आल्यावर त्यात शिरायचं, मग प्रत्येक लेव्हलला दोन्ही बाजू एकदम वाढायच्या. शिरेपर्यंतचा काळ फार रुक्ष, पण ज्यांना दोन्ही क्लास मनापासून हवेत त्यांना तो जास्त न्याय द्यायचा. पाचव्या आवृत्तीत ती वाट उरली नाही याचं मला वाईट वाटतं.

सॉर्सरर-वॉरलॉक सोपं आहे: दोघांनाही करिश्माच लागतो, आणि वॉरलॉकचे स्लॉट शॉर्ट रेस्टला (छोट्या विश्रांतीत) परत येतात. फक्त ते स्लॉट सॉर्सरी पॉइंटमध्ये बदलत रात्र रात्र न झोपणारं कॅरेक्टर टेबलवर आणायचं असेल तर डीएमशी आधीच बोला.

2024 चं नवं हँडबुक घेतलं असेल तर काही गोष्टी बदलतात. सबक्लास (क्लासमधली शाखा, जसं लाइफ डोमेन) तिसऱ्या लेव्हलला मिळतो, त्यामुळे लाइफ डोमेनचे ते 5 एका लेव्हलमध्ये येत नाहीत. क्लेरिकच्या दोन पर्यायांपैकी 'प्रोटेक्टर' निवडलं तर जड चिलखत पहिल्याच लेव्हलला मिळतं, पण ड्वार्फची वेगाची सवलत गेली आहे. स्ट्रेंग्थ 13 नसेल तर चेन मेलमध्ये 10 फूट कमी चालाल. अशा वेळी मीडियम चिलखत आणि ढाल घ्या, 'प्रोटेक्टर'ऐवजी 'थॉमटर्ज' निवडा आणि एक कॅन्ट्रिप जास्त मिळवा.