पोराला वर्षभर फुटबॉल अकॅडमीत घातल्यावरचं मत (साडेतीन स्टार)

वर्ष झालं पोराला इथं घालून, म्हणून म्हटलं आता लिहायला हरकत नाही. नाव टाकत नाही, खाली तक्रारी पण आहेत आणि सरांशी रोज गाठ पडते, आमच्या भागातले ओळखतीलच. पोरगं चौदाचं, मिडफिल्डला खेळतंय. कोल्हापुरात फुटबॉल म्हणजे काय ते इथल्यांना सांगायला नको, शाहू स्टेडियमवर पेठेची मॅच असली की घरात पाव्हणे आले तरी बाप जागेवर नसतो, त्यात आपला अनिकेत जाधव २०१७ ला अंडर सेव्हन्टीन वर्ल्ड कप खेळला तेव्हापासून प्रत्येकाला आपलं पोरगं पुढचं वाटायला लागलंय. मी पण त्यातलाच, खोटं कशाला बोलू.

पहिला महिना मी नुसता वैतागलेलो. आधी जिथं जायचा तिथं ग्राउंडला दहा राउंड, पास चुकला की अजून पाच, आणि मला तेच खरं कोचिंग वाटायचं. इथं सुरुवातीची वीस मिनिटं फिफा इलेव्हन प्लस नावाचा, दुखापत टाळायसाठीचा वॉर्मअप, थोडं पळणं मग पोटाचे, पायाचे, एका पायावर तोल धरायचे व्यायाम मग परत पळणं. एक प्रकार तर बघून हसूच आलं, एकानं गुडघ्यावर बसायचं, दुसऱ्यानं मागनं घोटे धरायचे आणि पहिल्यानं अंग ताठ ठेवून हळूहळू पुढं झुकत जायचं, शेवटी सगळी पोरं हातावर आपटतात. म्हटलं ह्याचे पैसे देतोय व्हय आपण? मग कळलं ते मांडीच्या मागच्या स्नायूसाठी असतंय, जोरात स्प्रिंट मारताना तोच धरतो.

पण मला हे ठिकाण पटलं ते स्टोअररूमच्या दरवाजामुळं. चौकटीवर पेन्सिलीच्या रेघा आहेत, दर तीन महिन्यांनी प्रत्येक पोराची उंची, बाजूला तारीख. आमच्याची रेघ सहा महिन्यात पाच सेंटीमीटर वर गेली आणि त्याच सुमारास गुडघ्याच्या वाटीखाली दुखणं वाढलं. दुखतंय हे तो जुन्या ठिकाणी पण म्हणायचा, तिथं 'नाटकं करतोय' म्हणून क्रेप बँडेज बांधून पळवलेलं, आणि मी पण मान डोलावलेली, आता आठवलं की लाज वाटते. इथल्या सरांनी वाटीखाली अंगठ्यानं नुसतं दाबलं, पोरगं कळवळलं, तसं त्यांनी मला बाजूला घेऊन हाडांच्या डॉक्टरकडं जायला सांगितलं. ऑसगुड श्लॅटर निघालं. वाढत्या वयात वाटीखालचा पट्टा नडगीच्या हाडाला जिथं चिकटलेला असतो तिथं ओढ बसते, तिथं टेंगूळ येतं, उंची वाढायची थांबली की बहुतेकांचं आपोआप बसतं पण तोवर पळणं आणि उड्या कमी करायच्या. आमच्या आईचं हळद लावणं चालूच होतं ते वेगळं.

सहा आठवडे पळणं बंद, पण घरी बसवलं नाही. सरांनी हातात वही दिली, लाइनवर बसायचं आणि आपल्या मिडफिल्डरनं बॉल पायात यायच्या आधी मागं कोण कुठं आहे ते मान वळवून किती वेळा बघितलं हे मोजायचं. पहिल्या दिवशी रडवेला होता, तिसऱ्या आठवड्यात घरी टीव्हीवरच्या मॅचला पण रेघा मारत बसलेला. परत खेळायला लागल्यावर बघतोय तर स्वतःच मान फिरवतोय, आधी बॉल आला की शिंगं खाली घालून पळायचा.

मॅचला प्रत्येकाला निदान एक हाफ मिळतोच, त्यामुळं हरतात पण. एकदा ४-१ नं हरलो तेव्हा मी लाइनवरनं "मार की रं!" म्हणून ओरडलो तर सर काही बोलले नाहीत, नुसतं वळून बघितलं, आता आम्हा सगळ्या पालकांना लांब झाडाखाली उभं करतात. डिसेंबरात जन्मलेलं एक बारकं पोरगं आहे, त्याच वर्षाच्या जानेवारीवाल्यांपुढं टाचेएवढं दिसतंय, त्याला दुसरीकडं पहिल्याच ट्रायलला घालवलेलं. इथं तेच सगळ्यात भारी पास देतंय.

आता तक्रारी. गोलकीपरला कुणी वाली नाही, दोघं कोपऱ्यात एकमेकांना बॉल मारत बसतात, पोरगं कीपर असेल तर इथं घालू नका. जुलैत सहाची प्रॅक्टिस रद्द झाल्याचा मेसेज सहा दहाला येतो, आम्ही रेनकोट घालून गेटवर. किट ह्यांच्याकडूनच घ्यायचं, १८०० रुपये, त्यावरचा नंबर दोनच धुण्यात निघाला. महिन्याला १२०० फी आहे, तेवढी ठीक वाटते. टॉयलेटबद्दल लिहीत नाही.

चौकशीला जायचं तर शनिवारी सकाळी जा, आपापसातल्या मॅचेस असतात, पोराला पण बघायला मिळतंय. फोन करू नका, सर ग्राउंडवर उचलत नाहीत.