इन्सुलिन: वायल की पेन?
वॉर्डात इन्सुलिन वायलमधून (औषधाच्या छोट्या बाटलीतून, सिरिंजने काढून) द्यावे की पेनने, हे बहुधा खर्चावर ठरते. चूक होण्याची जागा मात्र दोन्हींत वेगळी असते. आपल्याकडील वायल सहसा एका मिलिलिटरला 40 युनिटची असते व तिला लाल टोपणाची सिरिंज लागते. घाईत नारिंगी टोपणाची, मिलिलिटरला 100 युनिटच्या इन्सुलिनसाठीची सिरिंज हाती आली आणि तिच्यावरील 20 च्या रेषेपर्यंत औषध भरले, तर रुग्णाला प्रत्यक्षात 8 युनिटच मिळतात. पेनवर आकडा फिरवून मात्रा ठरत असल्याने हा घोटाळा टळतो. परंतु पेनमधील कार्ट्रिजमध्ये, म्हणजे औषधाच्या नळीत, रक्त मागे शिरू शकत असल्यामुळे, सुई बदलली तरी एकाचे पेन दुसऱ्याला चालत नाही. मला पेनच अधिक सुरक्षित वाटते, अर्थात प्रत्येक पेनवर रुग्णाचे नाव चिकटवलेले असेल आणि टोचल्यावर पूर्ण मात्रा आत जाईपर्यंत सुई तशीच ठेवून दहा आकडे मोजण्याइतकी उसंत परिचारिकेला मिळत असेल, तरच.