हलकं आणि लांबी बदलता येणारं कयाक पॅडल: आठ महिने वापरून झाल्यावर

उजवा खांदा दुखायला लागला म्हणून फिजिओकडे गेले तर ती म्हणाली, "दिवसभर उचलता काय?" म्हटलं दिवसभर काहीच नाही, रविवारी सकाळी दोन तास कयाकमधे, म्हणजे लांबट अरुंद बोटीत, वल्हं मारते फक्त. "किती वेळा?" आता हे कोण मोजतं! पण पुढच्या रविवारी घड्याळ लावून मोजलंच, आणि अगदी रमतगमत चालले होते तरी मिनिटाला ४२ स्ट्रोक (वल्ह्याचे फटके) निघाले, म्हणजे तासाला अडीच हजार. घरी येऊन किचनच्या वजनकाट्यावर पॅडलचे (दोन्ही टोकांना पाती असलेलं वल्हं, मधून सुटतं) दोन्ही तुकडे ठेवले, ११४० ग्रॅम. ॲल्युमिनियमचा दांडा, प्लास्टिकची पाती, बोटीबरोबर आलेलं. बोट निवडायला मी तीन महिने लावले होते आणि पॅडल मात्र जे मिळालं ते, खरं तर हातात सतत असतं ते पॅडलच, पण हे कळायला खांदा दुखावा लागला.

आता जे वापरतेय ते कार्बनचा दांडा आणि नायलॉनची पाती असलेलं, मधल्या जोडावर लिव्हर लॉक (उघडून लांबी बदलायची खटक्याची क्लिप), लांबी २२० ते २३५ सेंटीमीटर, वजन काट्यावर ८४० ग्रॅम. कंपनीचं नाव मुद्दाम टाकत नाहीये, खाली तक्रारी पण आहेत आणि बघायच्या गोष्टी कुठल्याही कंपनीचं घेतलं तरी त्याच आहेत. ३०० ग्रॅमचा फरक ऐकायला काही वाटत नाही पण गुणिले अडीच हजार करा, तासाला पाऊण टन. कच्चा हिशोब आहे, कबूल, प्रत्येक स्ट्रोकला अख्खं पॅडल थोडीच उचलतो आपण. तरी खांद्याला तो हिशोब पटला.

पण नुसता ग्रॅमचा आकडा बघून घेऊ नका. मैत्रिणीचं फायबरग्लासचं पॅडल मी एक दिवस मागून नेलं होतं, काट्यावर ते माझ्या नव्यापेक्षा जेमतेम २० ग्रॅमनी जड, म्हटलं सारखंच की, आणि तासाभरात मनगटं बोलायला लागली. कारण त्याचं वजन टोकांना होतं, पाती रुंद आणि जाड. मधलं वजन हातांच्या मधे असतं, ते नुसतं धरायचं असतं, पण टोकाचं वजन प्रत्येक वेळी वर न्यायचं, थांबवायचं, परत खाली आणायचं. म्हणून दुकानात पॅडल मधोमध एका हातात धरून पंख्यासारखं इकडून तिकडे फिरवून बघा. दोन वेगळी पॅडल एकामागोमाग फिरवली की काट्याची गरज पडत नाही. लोक बघतात, बघू देत.

मटेरियलचं थोडक्यात सांगते कारण हे सगळीकडे लिहिलेलं असतं. ॲल्युमिनियम प्लास्टिक एक किलोच्या आसपास किंवा वर, दणकट, पण दांडा उन्हात तापतो, थंडीत गारठतो आणि कोटिंग निघालं की तळहात काळे करतो. फायबरग्लास साधारण ८५० ते ९५०, पूर्ण कार्बन ६५० ते ७५० च्या घरात. पूर्ण कार्बनची पाती पाण्यात शिरताना एकदम कडक, सुरेख वाटतात, पण मी जिथे जाते तिथे काठाला दगड आहेत आणि मी पॅडलने दगडाला ढकलून बोट काढणाऱ्यातली आहे (काढू नये, माहिती आहे), म्हणून दांडा कार्बन आणि पाती नायलॉन. नायलॉन घासतं, ओरखडे पडतात, पण सहसा तडकत नाही. बदल्यात जोरात ओढलं की पातं किंचित वाकतं आणि थोडा जोर वाया जातो, मला चालतं.

आता लांबी. जुनं पॅडल २४० चं होतं आणि माझी बोट ६० सेंटीमीटर रुंद, मी पाच फूट तीन इंच. म्हणजे ते पॅडल माझं नव्हतंच मुळी, रुंद, उंच सीटच्या बोटीत मासे पकडत बसणाऱ्याचं होतं. साठ सेंटीमीटरच्या आतली बोट असेल तर साधारण २१० ते २२०, बोट ७५ च्या पुढे गेली की २३० ते २४०, आणि फिशिंगच्या उंच खुर्चीवाल्या बोटी असतील तर २५०-२६० सुद्धा लागतं. उंची बघतातच पण बोटीची रुंदी आणि सीट पाण्यापासून किती वर आहे हे जास्त बघा, कारण बसल्यावर पाय गेले बोटीत, मोजायचं राहतं ते कमरेच्या वरचं.

लांब झालं की काय होतं हे मी दोन वर्षं भोगलंय. पातं बोटीपासून लांब पडतं, त्यामुळे प्रत्येक स्ट्रोकला बोटीचं नाक डावीकडे उजवीकडे जातं, सरळ जायला जास्त मेहनत, आणि मला वाटायचं माझंच टेक्निक वाईट आहे. आखूड झालं तर बोटांची पेरं बोटीच्या कडेवर घासतात आणि पाण्यापर्यंत पोचायला कमरेतून वाकावं लागतं. बरोबर असलं की पातं दांड्याला जिथे मिळतं तिथपर्यंत बुडतं, दांडा पाण्यात जात नाही, एवढंच बघायचं. मी पहिले चार रविवार लिव्हर उघडून दोन दोन सेंटीमीटर कमी-जास्त करत राहिले आणि २२२ वर थांबले. २२० वर डावा अंगठा घासायचा, २२५ ला नाक डुलायला लागायचं. आधी मला कोणी सांगितलं असतं की दोन सेंटीमीटरनी फरक पडतो तर मी हसले असते.

आणि खरं सांगायचं तर त्यानंतर आठ महिन्यांत माझ्या बोटीत लांबी मी एकदाच बदलली, सीटवर जाड उशी टाकली तेव्हा, २२६ केलं. नवऱ्याची बोट रुंद आहे, कधी त्याच्या बोटीत बसले की २३५. तो म्हणाला, "अगं मग फिक्स २२० चं घेतलं असतंस तरी चाललं असतं की." चाललं असतं, पण २२२ हा आकडा मला कळला असता कसा? माझं मत असं की बदलता येणारी लांबी रोज बदलायला नसते, ती आपला आकडा शोधायला असते. ज्यांना आपला आकडा पक्का माहीत आहे, बोट एकच आहे आणि ती बदलणार नाही त्यांनी साधं, ठरावीक लांबीचं बटणवालं घ्यावं, लिव्हरच्या जोडाला थोडं वजन जास्तच पडतं. घरात दोन उंचीची माणसं, दोन बोटी असतील तर मात्र लिव्हरच.

विंग पॅडल पण दुकानात दाखवतात, चमच्यासारखं पिळलेलं पातं, १९८० च्या दशकात स्वीडनमधून आलं आणि रेसवाल्यांनी उचललं. ते वेगासाठी आहे. मजेत फिरणाऱ्यांनी लांबूनच नमस्कार करावा, वळवताना आणि तोल सावरताना विचित्र वागतं. साधं पातं घेताना मात्र मधे उभी कणा असल्यासारखी रेघ आहे का बघा, तिच्यामुळे पाणी दोन्ही बाजूंनी सारखं निसटतं आणि पातं हातात फडफडत नाही. माझ्या जुन्याला ती नव्हती आणि मी इतकी घट्ट मूठ धरायचे की दुसऱ्या दिवशी डब्याचं झाकण उघडायला त्रास.

आता लॉक, कारण अशा पॅडलमधे मोडणारी, बिघडणारी, डोकं खाणारी जागा एकच, मधला जोड. बटणवाल्यात दांड्याला भोकं असतात, बटण टक करून बसतं, सोपं, पण कोन ठरावीक आणि भोक झिजलं की जोड हलायला लागतो. लिव्हरवाल्यात सायकलच्या सीटखाली असते तशी खटक्याची क्लिप, उघडायची, ओढायची, फिरवायची, दाबायची. स्वस्तात एक प्रकार येतो ज्यात नळी पिळून घट्ट करायची, ओल्या हातांनी ते कधीच पुरेसं घट्ट होत नाही, घेऊ नका. दुकानात करायची टेस्ट अशी, पॅडल जोडा, एक पातं गुडघ्यांमधे धरा आणि दुसरं पिळायचा प्रयत्न करा, मग मधून हलवून बघा. जरा जरी टकटक जाणवली तर ठेवून द्या. आज टक, सहा महिन्यांनी टकटक, आणि पाण्यात ती प्रत्येक स्ट्रोकला तळहातात येते.

माझ्या पॅडलने ही टेस्ट पास केली होती आणि तरी दुसऱ्या महिन्यात दगा दिलाच. पाण्याच्या मधोमध, समोरून वारा, जोर लावून डावीकडे ओढलं आणि पातं जागच्या जागी फिरलं, पाण्यातून सुरी जावी तसं गेलं, काही अडलंच नाही. ज्या पाण्यावर मी भार टाकला होता ते पाणी नाहीच म्हटल्यावर मी पण त्या बाजूला निघाले. कसंबसं सावरलं, बोटीत दोन तांबे पाणी. काठावर येऊन बघितलं तर लिव्हरच्या पाठीमागचा बारीक स्क्रू ढिला झाला होता. पाव फेरा आवळला आणि तेव्हापासून परत काही नाही. कंपनीने सोबत दिलेल्या कागदावर या स्क्रूबद्दल एक ओळ नव्हती, हा माझा खरा राग आहे. दर महिन्याला बघा, पण हावरटासारखं आवळू पण नका, आत कार्बनची नळी आहे, ती चिरडली तर संपलं.

फेदर अँगल म्हणजे दोन पाती एकमेकांना किती तिरकी ठेवायची ते. समोरून वारा असेल तर वरचं पातं वाऱ्याला आडवं न जाता कापत जातं म्हणून लोक ३०, ४५, ६० अंश ठेवतात, पण मग दर स्ट्रोकला एक मनगट मागे वळवावं लागतं, आणि वारा बाजूने आला तर तेच तिरकं पातं तो पकडतं. मी आधी कुणाचं तरी ऐकून ६० वर होते. आता १५, वारा अंगावर आला तर ३०. लिव्हरचा खरा फायदा मला इथे झाला, लांबीपेक्षा.

समुद्रावर नेणाऱ्यांसाठी एक. मी एकदा पॅडल तसंच जोडलेलं रात्रभर ठेवलं, आत खारं पाणी आणि वाळू. दुसऱ्या दिवशी निघेना. मी एका टोकाला, नवरा दुसऱ्या टोकाला, पार्किंगमधे रस्सीखेच, शेवटी निघालं तेव्हा आम्ही दोघंही बसलो खाली. आतल्या भागावर वाळूचे ओरखडे कायमचे. घरी आल्यावर गोड्या पाण्याने धुवायचं, दोन तुकडे वेगळे वाळवायचे, आणि आत तेल-ग्रीस अजिबात नाही, त्याला वाळू अजून चिकटते.

बाकी तक्रारी किरकोळ. पाणी ओघळून बाहीत जाऊ नये म्हणून दांड्यावर पात्यांच्या अलीकडे रबरी रिंगा असतात, त्या याच्या सैल आहेत, घसरत घसरत माझ्या मुठीपर्यंत येतात, इन्शुलेशन टेप गुंडाळून अडवल्यात. दांड्यावरचे सेंटीमीटरचे आकडे सहा महिन्यांतच पुसट झाले, पाहिजे ती लांबी अंदाजाने लावायची वेळ आली. मग २२२ वर नेलपॉलिशने लाल रेघ ओढली. नवऱ्याने शेजारी २३५ वर स्वतःची ओढली, निळी, कुठून आणली विचारलं तर सांगत नाही. खांदा आता फक्त पावसाळी हवेत कुरकुरतो.