‘बायोस उडाला’ म्हणून १०,९५० रुपये: मशीन दुकानात देणाऱ्यांनी वाचावे

एका संगणक दुरुस्तीच्या दुकानाने माझ्याकडून १०,९५० रुपये घेतले आणि वर माझ्याच मशीनमधला चांगला मदरबोर्ड (सगळे भाग जिच्यावर जोडतात ती मुख्य पाटी, पुढे नुसता ‘बोर्ड’), रॅमच्या म्हणजे कामचलाऊ स्मृतीच्या दोन पट्ट्या आणि परवान्याचे विंडोजही काढून घेतले. दुकानाचे, मालकाचे आणि तालुक्याचे नाव मी मुद्दाम लिहीत नाही, कारण प्रकरण आता ग्राहक आयोगापुढे आहे. माझे गाव रत्नागिरी जिल्ह्यात खाडीकाठी आहे आणि मी घरातूनच टंकलेखनाची, पत्रिकांची आणि बागायतदारांच्या आंब्याच्या हिशेबाची कामे करते, एवढे पुरे. संगणकाशी रोजचा संबंध असलेल्या बाईला असे फसवता येते, तर ज्यांचा संबंध नाही त्यांचे काय होत असेल, या विचाराने लिहायला बसले आहे.

मशीन २०१४ साली घेतलेले होते. बी८५ चिपसेटचा (बोर्डावरच्या भागांचा मेळ घालणाऱ्या चिपचा) बोर्ड, आय५-४४६० प्रोसेसर, रॅमसाठी चार खाचा आणि चारही खाचांत चार-चार जीबीच्या पट्ट्या, म्हणजे एकूण १६ जीबी. जुने म्हणून नाके मुरडण्यासारखे ते नव्हते. माझ्या कामाला पुरून उरत होते. २०२५ च्या ऑगस्टमध्ये, गणपती तोंडावर आलेले असताना आणि चाकरमान्यांच्या वाडीवाडीच्या मंडळांच्या पत्रिका अर्धवट पडलेल्या असताना, एका सकाळी बटण दाबले तर पंखा फिरला, पण पडदा काळाच राहिला आणि आतून थांबून थांबून लांब बीप ऐकू येऊ लागली. बीपचे संकेत कंपनीगणिक वेगळे असतात, तरी लांब बीप पुन्हा पुन्हा येणे हे बहुधा रॅमचे दुखणे असते, हे आज मला पाठ आहे. त्या दिवशी डोळ्यांपुढे फक्त २७ ऑगस्ट ही तारीख होती. ‘आधी चौकशी का केली नाही’ असे आता विचारणाऱ्यांनी गणपतीच्या तोंडावर कोकणात कोणतेही काम करून घेऊन दाखवावे.

दुकानात मालक आतल्या बाजूला कोणाशी तरी फोनवर बोलत होता. काउंटरवरच्या पोऱ्याने कॅबिनेटचा पत्रा काढला, चारही पट्ट्या उपसल्या, त्यांच्या पिवळ्या दातांवर शाळेतले साधे खोडरबर घासले, फुंकर मारली आणि पट्ट्या परत बसवल्या. खाऱ्या दमट हवेत त्या दातांवर काळपट थर चढतो आणि संपर्क तुटतो; आमच्या किनाऱ्यावर हे घरोघरचे दुखणे आहे. पोऱ्याने बटण दाबले आणि पडदा उजळला. काळ्या पडद्यावर पांढरी इंग्रजी अक्षरे आली: ‘सीमॉस चेकसम बॅड’, त्याखाली ‘डेट अँड टाइम नॉट सेट’ आणि पुढे जाण्यासाठी एफ१ दाबा अशी सूचना. पोऱ्या म्हणाला, “ताई, झालं बघा.” इतक्यात मालक फोन ठेवून बाहेर आला, त्याने पोऱ्याकडे एक नजर टाकली आणि त्याला चहा आणायला पाठवले. मग पडद्यावरच्या ‘बॅड’ या शब्दावर नख टेकवून मला म्हणाला, “बघा ताई, लिहिलंच आहे. बॅड. बायोस उडालाय तुमचा.”

हाच तो क्षण. बायोस म्हणजे बोर्डावरच्या आठ पायांच्या छोट्या फ्लॅश चिपमध्ये साठवलेला प्रोग्राम, आणि मशीन सुरू झाल्यावर पडद्यावर पहिली अक्षरे उमटवतो तोच. तो खरोखर उडाला असता तर ‘बॅड’ हा शब्द पडद्यावर लिहिला कोणी? उडालेल्या बायोसचे मशीन साधारणपणे पंखे फिरवते आणि मुके राहते. ते स्वतःच्या मरणाची बातमी अशी शुद्ध इंग्रजीत देत बसत नाही. पोऱ्याचे ‘झालं बघा’ मी ऐकले होते, पडद्यावर १ जानेवारी २०१४ ही तारीख दिसत होती, आणि एवढे सगळे समोर असताना मी त्या माणसाच्या नखाकडे बघत उभी होते. जावयांना दाखवायला म्हणून मोबाइलवर त्या पडद्याचा फोटोही काढला होता. तो फोटो सगळा काळ माझ्याच पर्समध्ये होता, हे आठवले की आजही अंगाचा तिळपापड होतो.

त्या संदेशाचा खरा अर्थ जावयांनी नंतर फोनवर सांगितला. बोर्डावर सीआर२०३२ नावाचा, रुपयाच्या नाण्याएवढा, तीन व्होल्टचा चपटा सेल असतो. मशीनला वीज नसताना घड्याळ चालू ठेवणे आणि बायोसमधल्या आपल्या निवडी जपणे हे त्याचे काम. तो संपला की तारीख मागे जाते, निवडी मूळपदावर येतात आणि नेमका हाच संदेश पडद्यावर येतो. मशीनला मुख्य वीज जोडलेली असते तेव्हा सेलवर फारसा भार पडत नाही, पण पावसाळ्यात विजेच्या भीतीने आम्ही प्लग उपसून ठेवतो आणि वीजही तासन्‌तास गायब असते, त्या सगळ्या काळात घड्याळ सेलवरच चालते. अकरा वर्षांचा सेल अशा चार पावसाळ्यांत संपला तर त्यात नवल नाही. नवा सेल मला पुढे कोल्हापुरात ४० रुपयांना मिळाला.

मालकाने दुसरा पुरावाही दिला होता. एफ१ दाबून तो पुढे गेला, तर ‘बूट डिव्हाइस’, म्हणजे विंडोज जिथून सुरू होते ती डिस्क, सापडत नसल्याचा संदेश आला. “हार्ड डिस्कही ओळखत नाही, म्हणजे बोर्डापर्यंत गेलंय,” असा त्याचा निष्कर्ष. खरे तर सेल संपल्याने बूटचा क्रम आणि मशीन यूईएफआय या नव्या पद्धतीने सुरू करायचे की जुन्या, ही निवड मूळपदावर गेली होती; बायोसच्या सेटिंगमध्ये जाऊन ती पूर्ववत करणे हे दोन मिनिटांचे काम. शिवाय त्याने ऐकवले की ऑक्टोबरात विंडोज १० बंद होणार असल्यामुळे जुन्या बोर्डांचे बायोस आपोआप उडू लागले आहेत. विंडोज १० चे समर्थन १४ ऑक्टोबर २०२५ ला संपणार होते आणि माझा चौथ्या पिढीचा प्रोसेसर विंडोज ११ च्या यादीत बसत नाही, या दोन्ही गोष्टी खऱ्या. पण समर्थन संपते म्हणजे सुरक्षेचे नवे अपडेट थांबतात, त्याचा बायोसच्या चिपशी काडीचा संबंध नाही. अर्धे खरे मिसळलेले खोटे पकडणे किती अवघड असते, हे घरबसल्या शहाणपण शिकवणाऱ्यांना कळायचे नाही.

पैशांचा हिशेब असा. तपासणीचे ३५० आणि ‘बायोस प्रोग्रामिंग’चे २,८०० असे ३,१५० रुपये आगाऊ, तेही दुकानाच्या खात्यावर नव्हे तर मालकाच्या मेहुण्याच्या यूपीआयवर. अशा वेळी हात तिथेच आखडता घ्यावा. बायोस पुन्हा भरण्याचे यंत्र काहीशे रुपयांत मिळते आणि चिप नीट असेल तर काम काही मिनिटांचे असते, त्यामुळे मशीन ‘ठेवून जा’ म्हणण्याचे कारण विचारावे आणि ते काम समोर करायला सांगावे. नंतर फोन आला की प्रोग्रामिंग करताना चिप ‘धरत नाही’, बोर्डच बदलावा लागेल. बोर्डाचे ५,९००, मजुरीचे ७००, विंडोज आणि डेटाचे १,२००, असे आणखी ७,८०० रुपये मी रोख दिले. पावती म्हणून वहीतले पान मिळाले, त्यावर ‘कॉम्प्युटर रिपेअर ७,८००’ एवढेच. ना जीएसटी क्रमांक, ना बोर्डाचे नाव, ना वॉरंटीची ओळ. जुना बोर्ड मागितला तेव्हा “तो भंगारात गेला, ताई, त्याचं काय करणार तुम्ही?” असे हसून उत्तर आले. खराब म्हणून काढलेला भाग परत मागा. लोणचे घालायचे असले तरी मागा.

मशीन घरी आणले तेव्हा कॅबिनेटच्या मागच्या बाजूला जोडण्यांभोवतीची पत्र्याची पट्टी नव्हती आणि त्या मोकळ्या चौकोनातून आतली वायर दिसत होती. पडद्याच्या कोपऱ्यात विंडोज ॲक्टिव्हेट करा अशी फिकट ओळ. परवाना जुन्या बोर्डाशी बांधलेला होता, बोर्ड गेला तसा तोही गेला. १,२०० रुपयांत मिळाली ती चोरटी प्रत. डेस्कटॉपवरच्या सगळ्या पत्रिका पुसल्या गेल्या होत्या, म्हणजे वाचवल्या म्हणून ज्याचे पैसे घेतले तेच घालवले. पत्रा उघडला तर आत एच८१ चिपसेटचा, कंपनीचे नावही न छापलेला बोर्ड होता. या चिपसेटवर रॅमच्या खाचा दोनच असतात. माझ्या चार पट्ट्यांपैकी दोन लावलेल्या होत्या, म्हणजे १६ च्या जागी ८ जीबी, आणि उरलेल्या दोन पट्ट्या ना डब्यात, ना पिशवीत. मी फोन केला तेव्हा “दोन खराब होत्या” असे उत्तर मिळाले. घरी मी ७,८०० चा आकडा बरेच दिवस सांगितला नाही. यजमानांनी पान पाहिले तेव्हाच त्यांना कळले.

ज्यांची मशीन आज धड चालत आहेत त्यांनी आत्ताच उठून स्टार्टमध्ये एमएसइन्फो३२ (इंग्रजीत msinfo32) टाइप करावे आणि बेसबोर्डचे म्हणजे मदरबोर्डचे नाव, बायोसची आवृत्ती आणि एकूण रॅम दिसणाऱ्या त्या खिडकीचा फोटो काढून ठेवावा. बोर्डाचा अनुक्रमांक बोर्डावरच्या आणि खोक्यावरच्या चिकटपट्टीवर असतो. माझे खोके माळ्यावर, जुन्या गणपतीच्या मखराखाली सापडले. आज माझ्या बाजूने बोलणारा तेवढाच एक साक्षीदार आहे.

आता अधिकाऱ्यांविषयी. पोलीस ठाण्यात मी खोके, फोटो आणि वहीचे पान घेऊन गेले. तिथल्या हवालदारसाहेबांनी सगळे ऐकून घेतले आणि म्हणाले, “ताई, वस्तू तुम्ही स्वतः दिलीत ना? मग हे दिवाणी झालं.” दुरुस्तीसाठी दिलेली गाडी मेकॅनिकने इंजिन बदलून परत दिली तर तेही दिवाणीच का, असे विचारल्यावर त्यांनी साहेब दौऱ्यावर असल्याचे सांगितले. साहेब पुढच्या वेळीही दौऱ्यावर होते, आणि त्यापुढच्या वेळी बंदोबस्तावर. अर्ज घेतला तोही ‘बायोस’च्या जागी ‘बायस’ असे लिहून, आणि पोच मागितल्यावर शिक्का कपाटात आहे आणि किल्ली साहेबांकडे आहे असे ऐकवून. यूपीआयचा उल्लेख होताच मला ऑनलाइन फसवणूक पाहणाऱ्या खिडकीकडे पाठवले. त्या खिडकीने, दुकानात समोरासमोर पैसे दिलेत म्हणून हे आमचे नाही, असे सांगून पुन्हा त्याच हवालदारसाहेबांकडे. माझ्या रागाचा अर्धा वाटा दुकानदाराला जातो. उरलेला अर्धा या टोलवाटोलवीला. कारण लबाड माणसाने लबाडी केली, त्याने निदान स्वतःचे काम तरी केले.

भारतीय न्याय संहितेत फसवणुकीला कलम ३१८ आणि विश्वासाने सोपवलेली वस्तू लाटण्याला कलम ३१६ आहे, हे मी त्यांना नंतर लेखी कळवले. ठाण्यात तक्रार नोंदवून घेतली नाही तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(४) प्रमाणे पोलीस अधीक्षकांना टपालाने तक्रार पाठवता येते. ती स्पीड पोस्टानेच पाठवा. तोंडी बोलणे हवेत विरते. १९३० हा क्रमांक ऑनलाइन आर्थिक फसवणुकीसाठी आहे, दुरुस्तीतल्या ठकबाजीसाठी तिथे वेळ घालवू नका. ग्राहकांसाठी १९१५ आहे, मात्र हेल्पलाइन समजूत घालू शकते, हुकूम देऊ शकत नाही.

हुकूम देऊ शकतो तो जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा २० जुलै २०२० पासून लागू झाला आणि त्यात सेवेतील त्रुटीची तक्रार कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत करता येते. वस्तू किंवा सेवेसाठी आपण दिलेला मोबदला पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही, वकीलही सक्तीचा नाही. ग्राहक आयोगांच्या ई-जागृती पोर्टलवरून तक्रार घरबसल्या दाखल करता येते, फक्त कागद स्कॅन करायला चालू स्थितीतला संगणक हवा, हा विनोद माझ्या बाबतीत फार बोचरा ठरला. शेवटी मशीन कोल्हापूरला नेले. तिथल्या तंत्रज्ञाने ३०० रुपये घेतले, बोर्डाचे आणि दोन खाचांचे फोटो काढून दिले आणि पाहणीचा लेखी अभिप्राय सहीशिक्क्यानिशी दिला. तो कागद तक्रारीला जोडला आहे.

तक्रारीत मी १०,९५० रुपये, दोन रॅम पट्ट्या आणि खोक्यावरच्या अनुक्रमांकाचा माझा जुना बोर्ड मागितला आहे. दुकानदाराला नोटीस पोहोचल्यानंतर त्याचा एकदा फोन आला आणि ३,१५० घेऊन विषय मिटवा असे तो म्हणाला. बोर्ड कुठे आहे ते आधी सांगा, असे मी म्हटल्यावर त्याने फोन ठेवला.