'जेन एअर' आधी की 'वदरिंग हाइट्स'?

इंग्रज कादंबरीकार ब्राँटे बहिणींचं काहीतरी वाचायचं ठरवलं की पुस्तकाच्या दुकानात उभ्याउभ्याच प्रश्न पडतो: शार्लटची 'जेन एअर' घ्यावी की एमिलीची 'वदरिंग हाइट्स'? दोन्ही १८४७ सालच्या, पहिली ऑक्टोबरातली, दुसरी डिसेंबरातली. यॉर्कशायरमधल्या हॉवर्थ गावच्या पाद्र्याच्या या सख्ख्या मुली. लिहिणारी बाई की पुरुष ते कळू नये म्हणून दोघींनी टोपणनावं घेतली, करर बेल आणि एलिस बेल. मागच्या कव्हरवर दोन्हींबद्दल साधारण एकच मजकूर असतो: माळरान, वादळ, उत्कट प्रेम. त्यावर जाऊ नका. एकीवर जीव जडलेली माणसं दुसरी पन्नास पानांत मिटून ठेवतात. मीही त्यातलाच, 'वदरिंग हाइट्स' मी दोनदा अर्धवट टाकली होती.

फरक चटकन कळायला हवा असेल, तर दोन्हींतली एकेक खिडकी बघा.

'जेन एअर'ची सुरुवातच खिडकीत होते. नोव्हेंबरची दुपार, बाहेर गार वारा आणि पाऊस. मामीच्या घरी वाढणारी दहा वर्षांची पोरकी जेन खिडकीच्या कट्ट्यावर मांडी घालून बसलीय. लाल पडदा ओढून घेतलाय; एका बाजूला तो पडदा, दुसऱ्या बाजूला काच. मांडीवर पक्ष्यांचं पुस्तक, त्यात उत्तरेकडच्या बर्फाळ समुद्रांची वर्णनं. काचेमुळे बाहेरचा गारठा दिसतो, पण अंगाला लागत नाही. तेवढ्यात मामेभाऊ पडदा सरकवायला लावतो आणि तेच पुस्तक तिला फेकून मारतो. ती दारावर आपटते, डोकं फुटतं. आसरा केवढासा आणि किती वेळाचा, हे पहिल्या प्रकरणातच समजतं, तेही जेनच्या तोंडून. पूर्ण कादंबरी 'मी'मध्ये आहे. मधूनमधून ती 'वाचका' अशी हाक मारून थेट बोलते. या सुरामुळे जेन दहाव्या पानापासून आपली होते. ती चिडते, हट्ट करते, स्वतःची समजूत घालते, आणि प्रत्येक वेळी आपण तिच्या बाजूने असतो.

'वदरिंग हाइट्स'मधली खिडकी तिसऱ्या प्रकरणात येते. लॉकवुड नावाचा भाडेकरू घरमालकाला भेटायला जातो आणि बर्फामुळे तिथेच अडकतो. रात्री झोपेत खिडकीवर फांदी आपटत राहते. कडी निघत नाही, म्हणून तो काच फोडून हात बाहेर घालतो, आणि फांदीऐवजी हाताला लागतो एक लहानसा, बर्फासारखा गार हात. बाहेरचा आवाज रडत म्हणतो, मला आत घे. लॉकवुड काय करतो? ते मनगट फुटक्या काचेवर घासतो, रक्ताने अंथरूण भिजेपर्यंत. हात सुटल्यावर भोकापुढे पुस्तकांचा ढीग रचतो आणि कान झाकून घेतो.

दोन्ही खिडक्यांत पुस्तकं आहेत. जेन ती वाचते, लॉकवुड त्यांनी भोक बुजवतो. मला तरी दोन बहिणींमधला फरक इतका नेमका दुसरीकडे कुठे दिसलेला नाही.

आणि हा लॉकवुड नायकही नाही. तो शहरी, बोलघेवडा, जरा मूर्खच माणूस. त्याच घरात एका गादीवर मांजरं बसलीत असं समजून तो कौतुक करायला जातो, आणि तो निघतो मेलेल्या सशांचा ढीग. सुरुवातीची पानं अशी तिरकस, जवळजवळ विनोदी आहेत, हे कोणी आधी सांगत नाही. पुढची गोष्ट त्याला सांगते नेली डीन ही घरातली जुनी कामवाली, विणकाम करता करता. म्हणजे घरमालक हीथक्लिफ आणि त्याची बालपणीची सोबतीण कॅथरिन यांच्या प्रेमाची आग आपल्यापर्यंत येते ती दोन हातांतून, त्यातही एक हात सारखा नाक मुरडणारा. इथे आपल्या बाजूचं कोणीच नाही. जेनसारखी सोबत शोधत याल तर पहिल्या पन्नास पानांतच कंटाळाल. माझं दोनदा तेच झालं.

स्थळाचं म्हणाल तर जेन सतत घरं बदलते: मामीचं घर, लोवुडची शाळा, थॉर्नफील्डचा वाडा, पुढे आणखी दोन. प्रत्येक घर म्हणजे तिच्या आयुष्याची एक इयत्ता, आणि हवामानही तिच्या मनासारखं वागतं. आनंदाच्या रात्री ज्या झाडाखाली ती बसली होती, त्यावर वीज पडून ते उभं चिरतं. हे जरा जास्तच सूचक आहे, पण वाचताना काटा येतो. एमिलीकडे दोनच घरं, मध्ये चार मैलांचा माळ. गुडघाभर झुडपं, पायाखाली दलदल. घराच्या कडेची झाडं वाऱ्याने एकाच बाजूला कललेली, उन्हाची भीक मागत असल्यासारखी. 'वदरिंग' हा शब्दच तिथल्या बोलीतला, अशा वाऱ्यासाठीचा. इथे माणसं वाकतात, जागा तशीच राहते.

आशयाबद्दल मात्र कव्हरवरचं 'उत्कट प्रेम' सर्वांत फसवं आहे. दोन्हींच्या तळाशी पैसा आणि मालमत्ता आहे. शाळेत वर्षाला १५ पौंड मिळवणारी जेन दुप्पट पगारासाठी, ३० पौंडांवर, थॉर्नफील्डला शिकवायला जाते. मालकावर जीव जडला तरी ती स्वतःचा हिशेब सोडत नाही. पोटमाळ्यावरचं गुपित मी फोडत नाही. पण ते कळल्यावर ती जो निर्णय घेते, तिथे ही कादंबरी प्रेमकथेच्या पुढे जाते. हीथक्लिफ मालमत्तेचं हत्यार करतो. जुगारात बुडालेल्या माणसाची जमीन गहाण घेणं, वारस मुलीचं लग्न आपल्या मरतुकड्या मुलाशी लावणं, हे सगळं तो थंड डोक्याने करतो. लग्न झालं की बायकोच्या मालमत्तेवर नवऱ्याचा ताबा, असा तो काळ. इंग्लंडमधला विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेचा पहिला कायदा १८७० चा. पुढे १९२६ साली सी. पी. सँगर या बॅरिस्टरने या कादंबरीतल्या तारखा, वंशावळ आणि वारसाहक्काचा कायदा तपासून सगळं किती चोख जुळतं ते दाखवलं. वादळी म्हणून नावाजलेलं पुस्तक आतून जमाखर्चासारखं मांडलेलं आहे.

'जेन एअर'मधली एक जागा आपल्याला वेगळी लागते. सेंट जॉन हा पाद्री जेनला जर्मन सोडून हिंदुस्थानी शिकायला लावतो, कारण त्याला धर्मप्रचारासाठी भारतात न्यायला बायको हवी आहे. त्याची बहीण सांगते, तीन महिनेही टिकणार नाहीस तिथे. इंग्रजी कादंबरीत आपला देश म्हणजे लांबचं मरण. हा भाग बऱ्याच जणांना रटाळ वाटतो, मला नाही वाटत.

अडचणी 'वदरिंग हाइट्स'च्याच जास्त. दोन कॅथरिन आहेत, लिंटन हे एकाचं आडनाव तर दुसऱ्याचं नाव. शेवटच्या कोऱ्या पानावर पेन्सिलीने वंशावळ काढत जा, त्याशिवाय गत्यंतर नाही. जोसेफ या म्हाताऱ्या गड्याची यॉर्कशायरी बोली मोठ्याने वाचलीत की निम्मी कळते, उरलेली टिपांत असते. बहीण गेल्यावर १८५० च्या आवृत्तीत शार्लटनेही ती थोडी सोपी केली होती, म्हणजे तुम्ही एकटे नाही.

नुसती चव बघायची असेल तर एमिलीची 'रिमेम्ब्रन्स' ही कविता वाचा. आठच कडवी. १५ हिवाळ्यांपूर्वी पुरलेल्या माणसाशी कोणी बोलतंय. आवाज चढत नाही, उलट डोळ्यांतलं पाणी आवरलं जातं, आणि ते आवरणंच अंगावर येतं. शार्लट, एमिली आणि धाकटी ॲन या तिघी बहिणींच्या १८४६ च्या संग्रहात ती आहे, ज्याच्या पहिल्या वर्षात दोन प्रती खपल्या. ही कविता पुन्हा वाचावीशी वाटली, तर बेधडक 'वदरिंग हाइट्स' घ्या. सुंदर आहे, पण थंड आहे असं वाटलं, तर 'जेन एअर'.

इंग्रजी कादंबरीची सवय नसेल किंवा प्रवासात तुकड्यातुकड्याने वाचणार असाल, तरीही 'जेन एअर'च. ३८ प्रकरणं आहेत, पण धागा हातचा सुटत नाही. 'वदरिंग हाइट्स'ची प्रकरणं ३४, तरी तिला सलग वेळ द्यावा लागतो. घेतलीत तर पहिली तीन प्रकरणं एका बैठकीत संपवा. लॉकवुडने पुस्तकांचा ढीग रचला की मग दिवा मालवा.