जिनिव्हाचं मिन्याचं पेंडंट: आठ महिने गळ्यात घातल्यावर

नोकरीनिमित्त जिनिव्हात होते तेव्हा प्लँपॅलेच्या जुन्या बाजारात हे घेतलं. बुधवार-शनिवारी भरतो तो. किंमत लिहीत नाही, आई हे वाचते.

लंबगोल, सोन्याची कड, मधे बर्नच्या पारंपरिक वेशातली बाई. स्वित्झर्लंडच्या वेगवेगळ्या प्रांतांचे पोशाख मिन्यात, म्हणजे धातूवर भाजून बसवलेल्या रंगीत काचेत, रंगवून पर्यटकांना विकायची एकोणिसाव्या शतकात चाल होती, त्यातलंच हे. काळी चोळी, फुगीर पांढऱ्या बाह्या आणि छातीवर लोंबणाऱ्या चांदीच्या साखळ्या. भिंगाखाली त्या साखळ्या म्हणजे राखाडी ठिपक्यांच्या ओळी निघतात, काही ठिपके मोठे, काही निसटलेले. घेताना हेच बघा. ठिपके सगळे एकसारखे आणि जाळीसारखे दिसले तर ती छपाई.

आपला जयपुरी मिना सोन्यात खळगे कोरून भरतात. इथे तसं नाही. पातळ पत्र्यावर आधी पांढरा मिना भाजायचा, मग तेलात खललेल्या रंगांनी कुंचल्याने चित्र काढायचं, दर थराला ८०० अंशांच्या आसपास भट्टी, आणि वरून पारदर्शक काचेचा थर. तो शेवटचा थर ही जिनिव्हाची खासियत. पत्रा वाकू नये म्हणून पाठीमागेही मिना देतात. रंग भाजलेले असल्यामुळे विटत नाहीत. पुण्याचा अख्खा पावसाळा काढला, बाईचे गाल होते तसेच गुलाबी आहेत.

आता तक्रारी. कडी झिजली होती म्हणून एका सराफांकडे गेले. त्यांनी आधी मशीनवर सोनं तपासलं, १८ कॅरेट निघालं. "मोडीत घालायचं असेल तर आतलं काढून वजन करू," म्हणाले. आतलं! मग कारागीर डाक द्यायला गॅस पेटवून बसला. मी अक्षरशः हात धरला. ती ज्योत लागली असती तर काच तडकलीच असती. ते पेंडंट कंपनाच्या मशीनमध्ये धुवायलाही निघाले होते, त्यालाही नको म्हटलं. शेवटी मूळ कडीला हात न लावता तिच्यात बाहेरून तयार केलेली दुसरी कडी ओवून घेतली. दिसायला बरी नाही, पण चालते.

चूक माझीही झाली. ऑक्टोबरात कणीक मळताना वाकले आणि पेंडंट ओट्याच्या ग्रॅनाइटवर आपटलं. आवाज अगदी बारीक, बांगडी लागल्यासारखा. खालच्या कडेला मोहरीच्या निम्म्याएवढा टवका उडाला, आतला पांढरा थर दिसतो. परत भट्टीत घालायला कोणी धजत नाही आणि मीही म्हणत नाही. तेव्हापासून स्वयंपाकघरात शिरताना ते काढून डब्यात. मऊ फडक्याने पुसायचं, बस. पाण्यात बुडवायचं नाही. सेंट आधी मारायचा, पेंडंट मागाहून.

गुंतवणूक म्हणून घेणार असाल तर सरळ २२ कॅरेटची वळी घ्या. इथे पैसे काचेचे आणि हाताचे, सोनं नुसती चौकट. आणि घेण्याआधी चित्र मिन्यावरचंच आहे ना, हस्तिदंतावरचं नाही ना, हे विचारून घ्या. आपल्याकडे हस्तिदंताच्या व्यापाराला बंदी आहे, नसता ताप होईल.

आईने परवा चष्मा लावून नीट बघितलं. म्हणाली, "बाईच्या कानात काहीच नाही गं."