पहिली नवी कोरी स्पोर्ट्स कार: माझदा एमएक्स-५

परदेशात असताना घेतली होती, दोनच सीट, ६ गिअरची मॅन्युअल, आणि छत बसल्या जागेवरून हाताने मागे टाकायचं, बस्स. १९८९ पासून हाच साधा फॉर्म्युला चाललाय, वजन जेमतेम हजार-अकराशे किलो आणि ताकद मागच्या चाकांना, त्यामुळे वळणावर अशी काही फिरते ना की मी ऑफिसला मुद्दाम लांबच्या रस्त्याने जायचो. शोरूममधून निघताना मात्र स्टिअरिंग डावीकडे आहे हेच विसरलो, गिअर टाकायला डावा हात मारला तो थेट दारावर आणि गाडी बंद! सेल्समन काचेआडून बघतोय. त्याने कोटिंग-बिटिंग गळ्यात मारायचा प्रयत्न केला तेवढं सोडलं तर व्यवहार चोख. डिकीत दोन बॅगा मावतात, तिसरी बायकोच्या मांडीवर, तिला विचारलंत तर रेटिंग वेगळं मिळेल.